पाणी मागत जाणारी वाट

दोन दिवसांची सुट्टी मिळाली आणि परळीच्या वैजनाथापर्यंत चालत जायचं ठरलं, तर तुम्ही कोणती वाट धराल?

डांबरी रस्ता धराल. मला ठाऊक आहे. त्या रस्त्यावर शिवरात्रीला पावलागणिक मंडप असतो. मंडपात केळी असतात, चहा असतो, टाचेला लावायला मलम असतं, आणि मलमाच्या डबीच्या मागे हात जोडलेल्या पुढाऱ्याचा माणसापेक्षा मोठा फोटो असतो. पाय दुखले तर मागून टमटम येते. वीज केंद्रातल्या राखेचे टिपर अंगावर धुरळा टाकून जातात, पण मोबाईलला रेंज मिळते. जाणं, दर्शन, फोटो आणि येणं, सगळं दोन दिवसांत बसतं. तुमच्याशी मला भांडायचं आहे, पण ते शेवटी. आधी जिच्याशी भांडण अर्धं राहिलंय तिच्याशी बोलू द्या.

कौसामावशी, तुला जाऊन आज नववा दिवस. तू कशानं गेलीस, किती वर्षांची होतीस, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते तुझ्या लेकानं, भागवतनं, चौकातल्या फलकावर छापलंय, फोटोसकट. फोटोत तुझ्या डोक्यावरचा पदर इतका नीट आहे की ती तू वाटतच नाहीस. काठी नाही, खांद्यावर घोंगडी नाही, पदराला चिकटलेली कुसळं नाहीत. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावं आहेत. चौथं नाव दादारावचं आहे. तुझ्या वाटेवर तार ओढणारा दादाराव, तोच.

वस्तीतल्या बाया म्हणतात, रडून मोकळी हो. मला मोकळं व्हायचं नाही. मला वाट मोकळी करायची आहे, आणि ती बंद व्हायला तुझ्याइतकीच मी जबाबदार आहे. तुझ्याइतकीच, हे मुद्दाम लिहिते. मेलेल्या माणसाला सगळं माफ करायची आपल्याकडची रीत मला मान्य नाही.

आमच्या बौद्ध वस्तीच्या पाठीमागून ती पांदण निघते. दोन्हीकडच्या बांधांमधून, बैलगाडीपुरती. सात जणांची वावरं ओलांडून ओढ्यापाशी जाते आणि ओढ्यापलीकडे परळीच्या रस्त्याला लागते. तिच्यावरून तुझी मेंढरं पाण्यावर जायची. तिच्यावरून आमच्या बाया गायरानातल्या तुकड्यावर जातात, आणि तिच्यावरूनच आमची माणसं शेवटचं ओढ्याकाठी नेली जातात. डांबरी रस्त्यानं तिथं जायचं तर सगळ्या शिवाराला वेढा पडतो. गावाच्या जुन्या नकाशात ती आहे. जमिनीवर ती दर साली थोडी थोडी बारीक होत गेली, कारण शेजारच्या नांगराला दर साली वाटेत एक ओळ जास्त मारायचा मोह होतो.

आणि तू दर शिवरात्रीला तीच वाट निवडायचीस. तुला सुट्टी दोन दिवसांचीच. मेंढरांना सुट्टी नसते. तुझी जाऊ शेजारच्या गावातून येऊन दोन दिवस कळप सांभाळायची, तिसऱ्या दिवशी तिला तिची शेरडं हाक मारायची. म्हणून शिवरात्रीच्या आठ दिवस आधी हापशापाशी तुमची बैठक बसायची. सुना, लेकी, शेजारणी, अशा बारा जणी. प्रत्येकीची एक वाट.

"धर्मापुरीवरनं जाऊ की. जुनं देऊळ हाय, दगडातल्या बाया लई सुरेख हायत."

"दगडातल्या बाया येताना यष्टीतनं बघ. तितं थांबलीस तर रात तितंच."

"मंग डांबरीनं. चा मिळतो, केळं मिळतं."

"केळं खायला परळीला चाल्लीस व्हय? हितंच घिऊन देते."

सगळ्या हसायच्या आणि शेवटी तुझंच व्हायचं. पांदण अंतरानं जवळची होती, पण वेळ तेवढाच खायची. काटे होते, ओढा होता आणि तुझं ते पाणी मागणं होतं. मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट. सासूनं दाखवलेली वाट म्हणून धरून बसली आहे.

मी कोणत्या घरातली, हे तुला सांगायला नको, वाचणाऱ्यांना सांगते. माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मजुरीवर, रेशनवर, नवसावर, जातीवर. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. आमच्या घरी भाकरीची चवड आणि पत्रकांची चवड शेजारी शेजारी असायची, आणि पाहुणा आला की त्याला दोन्ही मिळायचं. त्यामुळे मी कॉलेजात असताना माझं पहिलं पत्रक काढलं ते तुमच्या चालण्यावरच. पायी चालून देव भेटतो का, असा मथळा होता. तुमची बैठक बसली होती त्या हापशावर येऊन मी ते वाटलं.

तू एका मेंढीचा खूर दोन गुडघ्यांत धरून त्यातला काटा काढत होतीस. कागद उलटासुलटा केलास.

"मला काय वाचता येतं व्हय? वाच की, पत्रकवाली."

मी उभी राहून वाचलं. आवाज चढवून, जिथं टाळ्या पडायला हव्यात तिथं थांबत. तू काटा काढलास, मेंढी सोडलीस आणि म्हणालीस, "ब्येस लिवलंय. पर वाटंत पानी कुटं लागतं ते न्हाई लिवलं."

बारा जणी हसल्या. माझे कान तापले. मग तू म्हणालीस, "धा कागद दे."

मला वाटलं, जिंकले. परळीहून परत आल्यावर तू वस्तीत आलीस, चपला काढून माझ्यासमोर उलट्या केल्यास. टाचेखाली माझी पत्रकं घडी घालून बसवली होती. "लई कामाला आलं बग तुजं लिवनं. औंदा एक फोड न्हाई आली."

मावशी, मला त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की मी चार महिने तुझ्याशी बोलले नाही. आता त्या दहातला एक कागद मिळाला असता तर मी तो जपून ठेवला असता.

गेल्या साली शिवरात्रीला मी तुमच्याबरोबर निघाले. देवाला नव्हे, ओढ्यापर्यंत जायचं, बघायचं आणि त्यावर लिहायचं, असं ठरवून. तू म्हणालीस, "देवाला नको यिऊ. बरूबर यी." तुझ्या हातात कोयता होता. वाटेवर आलेली बोरीची फांदी तोडायचीस, काटेरी झुडूप ओढून बाजूला टाकायचीस, वळणावर एक धोंडा दुसऱ्यावर ठेवायचीस. हे मला कळलं आणि आवडलं. पण प्रत्येक वावराच्या बांधावर थांबून तू हाक मारायचीस ते कळलं नाही. डोक्यावर पाण्याचा पाच लिटरचा कॅन, काठोकाठ भरलेला, आणि तरी हाक.

वळणावरच्या वावरापाशी तू ओरडलीस, "ओ दादाराव! वाट चाल्लीय! पानी पाजा!"

दादाराव विहिरीवरून आला. "कौसाबाई, तुमच्या कॅनात भरलंय की."

"ते ग्वाड न्हाई. तुमच्या हिरीचं ग्वाड."

"दर साली तेच बोलती बगा ही बाई." तो हसत तांब्या घेऊन आला. तांब्या तुझ्याकडून पहिलीच्या हातात, पहिलीकडून दुसरीच्या. असा बारा जणींच्या हातांतून फिरला. माझ्यापाशी आला तेव्हा दादारावनं तो मधूनच स्वतःकडे घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "धर वंजळ."

मी ओंजळ धरली. का धरली, मला अजून माहीत नाही. हात आपोआप पुढे गेले. माझ्या आज्जीचे गेले असतील तसे. त्यानं वरून पाणी सोडलं आणि मी बोटं उघडी ठेवली. सगळं पाणी मातीत गेलं. मी त्याच्याकडे बघत होते, तो पाण्याकडे बघत होता. आणि तू, जी आख्ख्या गावाला तोंडावर बोलते ती तू, एवढंच म्हणालीस, "दोन घोट पी. म्होरं लांबवर पानी न्हाई."

हे मी विसरणार नाही. पाणी मागणं म्हणजे काय, ते आमच्या घराला विचार. आमच्या आधीच्या माणसांनी पाणी मागत आयुष्यं काढली आणि मग एके दिवशी मागायचं बंद केलं. त्यासाठी धर्म सोडला. आणि तू मला परत त्याच बांधावर नेऊन उभं केलंस. मी तिथून मागे फिरले. म्हणाले, "मावशी, तू भीक मागतीस. आणि मला मागायला लावतीस."

मी निघाले, पण लगेच निघाले नाही. बाभळीआड उभी राहून तुम्हाला जाताना बघत होते. पुढच्या वावराच्या मालकानं तांब्या आणला. तू तो घेतला नाहीस. खाली वाकलीस आणि ओंजळ धरलीस. तो म्हणाला असेल, घ्या की तांब्या. तू मान हलवलीस. तुझ्या मागच्या बारा जणींनीही मग ओंजळी धरल्या. मी हे पाहिलं होतं, मावशी. पाहिलं नाही असं दाखवलं, कारण पाहिलं म्हटलं असतं तर राग थोडा खाली ठेवावा लागला असता, आणि मला तो तेव्हा हवा होता. हे तुझ्या जिवंतपणी बोलायला हवं होतं. आता कागदावर बोलते आहे, म्हणजे पुन्हा तेच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दादारावनं वळण नांगरलं. अर्धी पांदण त्याच्या ज्वारीत गेली. मी नकाशाची नक्कल काढली, अर्ज लिहिला, बाबांनी त्यातली दोन वाक्यं बदलली आणि तो आम्ही तहसिलात दिला. मग मी पत्रक काढलं. वाट हक्काची आहे, पाणी मागून मिळवलेली नाही, निकाल लागेपर्यंत कोणीही त्या वाटेवर जाऊन कोणाच्या बांधावर उभं राहू नये, असं त्यात होतं. मला भीती होती की शिवरात्रीला तुम्ही जाल, दादाराव अडवेल, मारामारी होईल आणि ते आपल्याच अर्जाला लावलं जाईल. आणि खरं सांगायचं तर मला त्या वाटेवर पुन्हा एकही ओंजळ नको होती.

तू वस्तीत आलीस. उंबऱ्यावर बसलीस.

"औंदा त्या वाटंनं जायचं न्हाई म्हन तू?"

"न्हाई जायचं. प्रकरण चालू हाय."

"पाय न्हाई पडला तर वाट कशी ऱ्हाईल गं?"

"मावशी, वाट नकाशात हाय. नकाशात काटे उगवत न्हाईत."

तू माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "तू शिकलेली हायस. तू म्हनतीस तर डांबरीनं जातो आमी."

कावून, मावशी? का ऐकलंस? जन्मभर कोणाचं ऐकलं नाहीस. सासूचं नाही, मालकाचं नाही, सरपंचाचं नाही. माझंच ऐकायचं कुठून सुचलं तुला? मला शिकलेली म्हणालीस आणि सगळा भार माझ्यावर टाकून डांबरीनं गेलीस. टिपरांचा धुरळा खात, मंडपातली केळी खात. परत आलीस तेव्हा दोन्ही टाचा फुटल्या होत्या. विचारलं तर म्हणालीस, "डांबर तापतं गं." दुसरं काही नाही. मला रागानं चार शब्द बोलली असतीस तरी सोपं गेलं असतं.

उन्हाळा लागता लागता तहसिलातून पाहणीला माणूस आला. मी नकाशा घेऊन पुढे, तू काठी घेऊन मागे. पांदणीत गुडघाभर वाळलं गवत होतं, त्यावर पाय पडल्याची एक खूण नाही. बोरीची फांदी आडवी, कारण कोयता फिरला नव्हता. वळणावर धोंडे नव्हते. तारेपलीकडे दादाराव. पाहणीच्या माणसानं एकेका मालकाला विचारलं. सातही जणांनी सांगितलं, इथून कोणी जात येत नाही. एकानंही डोळे खाली घातले नाहीत. का घालतील? या वर्षी कोणी आलं नव्हतं, कोणाला पाणी पाजलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

मग त्यानं तुला विचारलं. "आजी, तुम्ही सांगा. या साली शिवरात्रीला कुठून गेलात?"

मी तुझ्या मागे उभी होते. मी तुझा पदर ओढला. पत्रकांच्या घरातली, खऱ्याखोट्यावर गावाला धडे देणारी मी, तुला खोटं बोल म्हणून पदर ओढत होते. तुला ते कळलं. आणि तू म्हणालीस, "डांबरीनं गेलतो."

त्यानं लिहून घेतलं. वहिवाट दिसून येत नाही. त्याची चूक नव्हती. जे दिसलं ते लिहिलं. घरी आल्यावर बाबांनी अर्जाची प्रत पुन्हा वाचली आणि म्हणाले, "मजकुरात चूक नव्हती." खरंच नव्हती.

परतताना तू वाटेत टेकलीस आणि पहिल्यांदाच सांगितलंस. ती पाणी मागायची रीत तुझ्या सासूची. घोटभर पाण्यासाठी ती कधीच नव्हती. "ज्यानं पानी पाजलं त्यो नंतर म्हनू शकत न्हाई की हितनं कुनी जात न्हाई. दर साली पाजलं, दर साली त्याच्याच तोंडानं वाट हाय म्हनलं. पान्याची साक्ष असती पोरी. कागद मागनं येतो."

मी भर उन्हात तुझ्यावर ओरडले. "आधी का न्हाई सांगितलंस? आख्खं वर्ष गेलं! एक शब्द बोलली असतीस तर!"

"तू इचारलंस कवा?" तू म्हणालीस. "तू तर वाचून दाखवत हुतीस."

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर मी रागानं आले नाही आणि तू अंथरूण धरलंस. निरोप आला तेव्हा तू गेलेली होतीस.

तुला ओढ्याकाठी माती द्यायची होती, तुझ्या मालकांच्या शेजारी. तूच जागा दाखवून ठेवली होतीस. तिथं नेणारी सरळ वाट एकच. तिरडी घेऊन माणसं वळणापर्यंत गेली आणि तारेपाशी थांबली. भागवतचा चुलतभाऊ म्हणाला, "तोड बे ती तार." भागवत म्हणाला, "आज न्हाई बे. आज माय हाय संगं." मग सगळे माघारी फिरले. तुला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून, सगळ्या शिवाराला वेढा घालून, डांबरी रस्त्यानं नेलं. तू दुसऱ्यांदा डांबरीनं गेलीस, मावशी. दोन्ही वेळा माझ्यामुळे.

आणि दादाराव तिथं होता. तो रडत होता. ढोंग नव्हतं, मी नीट बघितलं. ढोंग असतं तर मला बरं वाटलं असतं. माती देऊन झाल्यावर तो शेजारच्याला म्हणाला, "लई खमकी बाई. दर साली बांधावर यिऊन पानी मागायची. कॅन भरलेला, तरी मागायची."

मी ऐकलं. मी तिथल्या तिथे पिशवीतून वही काढली. "कोणत्या बांधावर मागायची, दादाराव? एवढं लिहून द्या. सही करा." सगळी माणसं माझ्याकडे बघत राहिली. दादारावनं डोळे पुसले, वहीकडे बघितलं, आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. भागवत जवळ येऊन म्हणाला, "ताई, आता न्हाई. मायच्या मातीवर न्हाई."

तू असतीस तर म्हणाली असतीस, पत्रकवाली परत वाचून दाखवाय लागली.

आता ऐक. पाणी मागणं चूकच होतं, मावशी. यावर मी अजून ठाम आहे. तुझ्या सासूची युक्ती हुशार होती, पण ती तांब्या मिळणाऱ्यांची होती; ज्यांना ओंजळ धरावी लागते त्यांचा तिच्यात विचार नव्हता. तू तो ऐन वेळी केलास, वाकून केलास, पण तोंडानं बोलली नाहीस. आणि मीही चुकले. पाणी नको म्हणताना मी पायसुद्धा काढून घेतला. हे भांडण आता तुझ्याशी संपणार नाही, म्हणून मी ते माझ्या पद्धतीनं पुढे नेते आहे.

फेरपाहणी मिळाली आहे. येत्या बुधवारी. बाबांनी नवा अर्ज लिहायला घेतला होता, मी म्हटलं, तुम्ही लिहा, मी येते. काल सकाळी मी आमच्या वस्तीच्या हापशावरून कळशी भरली, तांब्या घेतला आणि पांदणीत शिरले. काटे फार होते. तुझा कोयता भागवतकडून मागून घेतला होता, तो नीट चालवता आला नाही, हात सोलला. पहिल्या वावरात म्हातारे रंगनाथतात्या कडब्याची गंज रचत होते. मी बांधावर उभी राहून हाक मारली. तुझीच हाक, शेवट बदलून.

"तात्या! वाट चाल्लीय! पानी घ्या!"

ते आले. तांब्याकडे बघितलं. मी कोणाची, ते त्यांना माहीत आहे. "ठिव तितं बांधावर," ते म्हणाले.

मी ठेवला नाही. हात पुढे करून उभी राहिले. ऊन चढलं होतं, त्यांच्या ओठांवर भुसा चिकटलेला होता. मला पळून जावंसं वाटत होतं. ओरडावंसंही वाटत होतं. एक आख्खं पत्रक माझ्या तोंडात तयार होतं. ते मी तोंडातच ठेवलं. हात पुढेच धरला. त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, एकदा वाकून त्यात बघितलं, आणि प्याले. गळ्याची घाटी वर खाली होताना मी बघत होते.

तांब्या परत देताना म्हणाले, "कौसाबाई गेली म्हनं. औंदा शिवरातीला पानी मागाय कुनी आलं न्हाई. मी माठ भरून ठिवलता. मला वाटलं, रुसली."

मावशी, तिथं मी रडले. बांधावर बसून.

वही काढली नाही. सही मागितली नाही. तात्या आपणहून म्हणाले, "बुदवारी मानूस येनार हाय न्हवं? म्या हाय हितंच." बास. पुढच्या बांधावर गेले तर मालकानं तोंड फिरवलं आणि विहिरीवरची मोटार चालू केली. त्याच्या पुढच्यानं हाकेला ओ दिली नाही. कळशी अर्धी भरलेलीच घेऊन मी परत आले. सातातला एक झाला. वळण अजून लांब आहे, आणि एकटीच्या हाकेनं सात बांध होत नाहीत. तुझ्याबरोबर बारा जणी असायच्या.

म्हणून आता तुम्ही, जे हे वाचत आहात. सुरुवातीला विचारलं होतं ते तुमचं उत्तर बदललं असेल असं मी धरून चालत नाही. देवाला जा किंवा जाऊ नका, माझं त्यावरचं मत जुनंच आहे. पण तुमच्या गावाच्या पाठीमागे अशी एखादी वाट असेल, नकाशात जिवंत आणि जमिनीवर मरत चाललेली, तर पुढच्या सुट्टीतला एक दिवस तिला द्या. नुसतं तिच्यावरून चालत जा, आणि बांधावर जो दिसेल त्याला हाक मारा.

आणि आमच्या जवळपास असाल तर येत्या मंगळवारी, ऊन चढायच्या आत, आमच्या वस्तीच्या हापशावर या. कोणत्याही जातीचे असा, येताना रिकामा तांब्या आणा. पाणी आमच्या हापशाचं भरायचं, आणि कोणी विचारलं तर कुठलं आहे ते सांगायचं. सहा बांध राहिलेत. वळणावर तार आहे. ती तोडू नका, ओलांडू नका. अलीकडे उभं राहून मोठ्यानं हाक मारा, कौसामावशी मारायची तशी. ओ दादाराव, वाट चाल्लीय, पानी घ्या. आणि तो येऊन घेईपर्यंत पुढे केलेला हात मागे घेऊ नका.